पांढऱ्याला दोन वाढव

सरांचं कुठल्याही मीटरशी कधी पटलं नाही. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस आकडा लिहून निघाला की सर त्याला जिन्यातून परत बोलवायचे आणि स्वतः चष्मा लावून आकडा वाचायचे. पेणच्या स्टँडवरचा वजनकाटा, पेट्रोलपंपावरचे पळते आकडे, डॉक्टरचा थर्मामीटर, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. "ते त्याचं म्हणणं झालं," म्हणायचे. "आपण बघितलं का?" एकदा ते आणि आम्ही तिघंचौघं एसटीने रोह्याला निघालो होतो. आज ऊन किती आहे यावरून त्यांचं कंडक्टरशी वाजलं. खांब गावाला गाडी थांबली तसे सर खाली उतरले, हातावर ऊन घेऊन कंडक्टरला दाखवायला लागले, आणि कंडक्टरने डबल बेल मारली. सरांसाठी आम्हीही उतरलो. पुढची गाडी दीड तासाने आली. तेवढा वेळ सर हायवेच्या कडेला हात पसरून उभे होते आणि आपलं बरोबर असल्याचं आम्हाला पटवून देत होते.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. पेणला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, मुंजी. बाकीच्यांनी डिजिटल घेतलं तेव्हा हे रुसून बसले ते बसलेच. मग स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांनी रविवारचा वर्ग काढला, जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांचा. महिन्यातल्या एका शनिवारी हाच वर्ग रोह्याला त्यांच्या मुलीच्या घरी पडवीत भरे. विद्यार्थी सात-आठ. कंपनीतली शिफ्ट संपवून येणारे दोघं, एक दातांचा डॉक्टर, कॉलेजच्या दोन-तीन मुली, आणि मी.

मी पेणजवळच्या जोह्याची. आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. हजार मूर्तींचे डोळे काढलेत, त्यामुळे नजरेचं मला काही शिकवावं लागणार नाही अशी माझी समजूत होती. माझी अडचण साधी होती. रंग द्यायच्या आधीच्या पांढऱ्या मूर्तींचे फोटो काढून व्यापाऱ्यांना पाठवायचे, तर माझ्या कॅमेऱ्यात त्या मळकट यायच्या. एका व्यापाऱ्याने तर विचारलं, मूर्ती गोदामात भिजल्या का? मी ते फोटो घेऊन सरांकडे गेले. सरांनी बघितले आणि इतके खूश झाले की मला राग आला.

"कॅमेरा बरोबर हाय गो तुझा," म्हणाले. "त्याला वाटतं जग राखाडी हाय. तू त्याचं ऐकलंस."

पहिल्या वर्गाला टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या असत. ताटात खडे मीठ, पालथा घातलेला काळा तवा, आणि मध्ये दगडी पाटा. पाटा त्यांच्या बायकोचा. ती गेल्यावर त्यावर कोणी वाटत नव्हतं, म्हणून तो वर्गात आला. पाटा राखाडी, ना पांढरा ना काळा, आणि कॅमेऱ्यातल्या मीटरला सगळं जग त्या पाट्यासारखं असावं असं वाटतं. समोर मीठ आलं की मीटर घाबरतो, उजेड फार झाला म्हणतो आणि कमी करायला सांगतो. ऐकलं की मीठ पाट्यासारखं येतं. म्हणून मीटर जे सांगेल त्यावर दोन टप्पे उजेड जास्त द्यायचा. "पांढऱ्याला दोन वाढव," हा पहिला धडा. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की दातांचा डॉक्टर कवळी दाखवतानासुद्धा तेच म्हणायला लागला होता.

मग तीन कॅमेरे निघत, बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांतून. तिघींना त्यांनी नावं दिली होती. पहिली म्हातारी. हिच्या कपाळावर मधाच्या पोळ्यासारखी काच, सेल लागत नाही, पडेल त्या उजेडावरच हिचा काटा हलतो. "ही संध्याकाळनंतर गप्प बसते. पण खोटं बोलत नाय." दुसरी सुईवाली. हिच्यात डोळा लावला की कडेला एक सुई दिसते, ती खाचेत आणून बसवायची. तिसरी दिवेवाली. हिला सुई नाही, तीन बारके दिवे. हिरवा लागला तर बरोबर, लाल लागला तर चूक. सरांना ही कधी आवडली नाही. "ही पास-नापास सांगते. किती मार्कांनी ते नाय सांगत," म्हणायचे. "सुई तुला तुझी चूक मोजून देते. माणूस चुकला तर किती चुकला हे तरी त्याला कळाय नको?"

तिघींनी एकाच मिठाच्या ताटाकडे बघायचं, आम्ही तिघींचे आकडे वहीत लिहायचे, आणि मग तिघींचं न ऐकता फोटो काढायचा. असा तो वर्ग.

प्रत्येक डब्यात एक शाळेची वही असायची. त्या कॅमेऱ्याच्या खोडी त्यात लिहिलेल्या. कुठलं बटण अडकतं, कुठली पट्टी हळू चालते. वही वाचल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही हा नियम. वाचली की तारीख घालून सही करायची. मी पहिल्याच महिन्यात तिन्ही वह्यांवर सह्या ठोकल्या. म्हातारीची वाचली होती. बाकीच्या दोन नुसत्या चाळल्या.

सरांचा मुख्य नाद मात्र वेगळा. रस्त्यात कोणीही ओळखीचं भेटलं की कसा आहेस वगैरे नाही. एकच प्रश्न, "किती?" म्हणजे उजेड किती. आम्ही आकडा सांगायचा. सोळावर पाचशे म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणाऱ्या भोकाचा आकडा सोळा आणि वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग. भोकाचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान, म्हणजे उजेड जितका जास्त तितका आकडा मोठा. सोळावर पाचशे हा त्यांचा सगळ्यात मोठा उजेड, मे महिन्यातल्या मिठागरावरच्या भर दुपारचा. ढगाळ दिवशी पडवीत बसलं की आठवर अडीचशे. आम्ही चुकलो तर सर भाजीवालीसमोर, रिक्षावाल्यासमोर, कोणासमोरही बोलायचे. "डोळं उघडं ठेवून झोपतेस काय गो?" माझ्यासारख्या आखणी करणाऱ्या बाईला हे बोलायचं म्हणजे जरा जास्तच होतं. पण महिन्याभरात मला आकडा यायला लागला, आणि तो बरोबर आला की सर काहीच बोलायचे नाहीत, पुढे चालू लागायचे. त्या न बोलण्यासाठी मी दर रविवारी जोह्याहून पेणची गाडी पकडायचे.

सरांचा जन्म खाडीकाठच्या मिठागरावरचा. मिठाची शुभ्र रास आणि तिच्यापुढे उभी उन्हाने काळवंडलेली माणसं, यात लहानपणापासून त्यांना कळत होतं की नजर कुठे ठेवावी. थोरला भाऊ आणि वहिनी अजून मीठ काढत होते. मग चार वर्षांपूर्वी ठरलं की हे शेवटचं मीठ. बांध फुटले होते, ते बांधायला माणसं नव्हती आणि जमीन कंपनीला जाणार होती. भाऊ सरांना म्हणाला, एकदा ये आणि काढून ठेव.

सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं काढली, घरच्या मिठागराचा एक धड फोटो काढला नव्हता. फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे चारशेचा एक काळा-पांढरा रोल त्यांनी कशासाठी तरी जपून ठेवला होता. तो काढला. आम्हा सगळ्यांना बरोबर घेतलं. कॅमेरा एकच, सुईवाली. खारं पाणी आणि चिखल, म्हणून बाकीच्या दोघी घरी.

आदल्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सरांना मोतीबिंदू सांगितला होता. बारीक आकडे दिसत नव्हते. म्हणून सकाळी स्टुडिओत रोल भरायचं काम त्यांनी मला दिलं. मी रोल भरला. डबीवर लिहिलेलं चारशे. कॅमेऱ्याच्या डायलवर बघते तर शंभर. फिल्म किती वेगाची, म्हणजे उजेड किती चटकन टिपते, हे डायलवर सांगितलं की मग सुई त्या हिशेबाने चालते. मला वाटलं, म्हातारा विसरला. हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे, तसंच हे. चारचौघांत त्यांची चूक कशाला दाखवा, म्हणून मी गुपचूप डायल फिरवली आणि चारशेवर आणली. मी तेव्हा स्वतःवर खूश होते.

"भरलास रोल? डायल बघितलीस?" सरांनी विचारलं.

"बघितली सर."

मिठागरावर पोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. भाऊ, वहिनी आणि दोन मजूर राशीपुढे उभे राहिले. सरांनी डोळे बारीक करून बघितलं आणि नेहमीसारखं आधी डोळ्यांनी सांगितलं, "अकरावर अडीचशे." मग कॅमेरा डोळ्याला लावला. मिठावर सुई धरली, दोन वाढवले. थांबले. पुन्हा धरली.

"दोन वाढवून ही बावीस म्हणते," ते म्हणाले. "मी म्हणतो अकरा."

इतर वेळी त्यांनी सुईला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा खाली घेतला, डोळे चोळले.

"मोतीबिंदू हाय ना. मला उजेड कमीच दिसनार." मग माझ्याकडे वळले. "तू बघ गो. तुझा डोळा चांगला हाय. किती?"

मला आकडा येत होता. नुसतं वर बघितलं असतं तरी आला असता. पण मी कॅमेरा घेतला, आत डोकावले, सुई बघितली, आणि म्हणाले, "सुई बरोबर आहे सर."

"बावीस?"

"बावीस."

सरांनी बावीस लावलं. माझ्या माहितीत तरी त्यांनी मीटरचं ऐकलं ते त्या एका दिवशी. अख्खा रोल त्यांनी तसाच काढला. वर्गातल्या कंपनीवाल्या दोघांनी मोबाईलवर दोन-चार फोटो काढले, वहिनीने सगळ्यांना आंबोळ्या दिल्या, आणि आम्ही पेणला परत आलो.

रोल सरांनी त्याच दुपारी मोरीत धुतला. बाहेर वर्ग ताटकळत होता. तेवढ्या वेळात, सुईवालीला डब्यात ठेवावं म्हणून मी डबा उघडला. वही वरच होती. पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत सरांचं टपोरं अक्षर: 'हिचा जुना सेल आता मिळत नाही. नव्या सेलवर ही उजेड दोन टप्पे जास्त सांगते. फिल्म चारशेची असली तरी हिला शंभरच सांगणे, म्हणजे ते दोन टप्पे फिटतात.' आणि पानाच्या खाली इतरांच्या सह्यांबरोबर माझी सही.

आणि मग मी जे केलं ते मला आजही धड लिहिता येत नाही. मी डायल परत शंभरावर आणून ठेवली. डबा बंद केला.

सर ओली फिल्म घेऊन बाहेर आले, ती खिडकीपुढे धरली. फिल्मवर सगळं उलटं उमटतं, म्हणून मिठाच्या जागी ती भरपूर काळी यायला हवी होती, ती पुसट होती. चेहऱ्यांच्या जागी तर काहीच नव्हतं, नुसती स्वच्छ काच. भाऊ नाही, वहिनी नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी कागदावर एक फोटो उतरवला. मिठाची रास पाट्यासारखी राखाडी, आणि तिच्यापुढे चार काळे आकार उभे.

सरांनी तो ओला कागद टेबलावर नेला आणि पाट्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींचा रंग एकच होता.

"दोन वाढवायचे इसरलो मी," ते म्हणाले.

"नाही सर, तुम्ही वाढवले, आम्ही ऐकलं," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"बोललो असन. केले नाय. डोळा अकरा म्हनत होता, ही बावीस. मधला फरक बघ ना. अकरा, सोळा, बावीस. बरोब्बर दोन."

हिशेबात कुठे चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असते तरी तोच काढला असता. मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, टेबलाला टेकून उभी होते. सगळे गेले की सांगू, असं मनाशी म्हणत होते. सगळे गेले, आणि मीही गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडून डायल तपासली होती, हे मला पुढे कळलं. ती शंभरावर होती. चूक आपलीच, याबद्दलची त्यांची उरलीसुरली शंका तिथे फिटली. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं, वर्ग बंद. पहिला धडा ज्याला आठवत नाही त्याने शिकवू नये. कॉलेजच्या एका मुलीला रडू आलं. मी आमच्या हंगामाचं निमित्त सांगून लवकर निघाले.

त्याच पावसाळ्यात भाऊ गेला. तेराव्याला भिंतीवर मोठा केलेला फोटो होता, कंपनीवाल्याच्या मोबाईलमधला. त्यात मीठ पांढरंशुभ्र होतं, भावाचा चेहरा अगदी स्पष्ट, मिशीचे केस मोजावेत इतका. मोबाईलने सगळं आपलं आपण नीट करून टाकलं होतं. सर त्या फोटोपुढे बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "मीठ पांढरं आलंय." मी हो म्हणाले. तेव्हाही सांगितलं नाही. घरात मयताची माणसं जमलेली, असं कारण मी मला दिलं. माझ्यापाशी कारणांचा कधी तुटवडा नव्हता. पुढच्या वर्षी कारखान्यात माणूस कमी होता, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सासूचं आजारपण. चार वर्षं मी मूर्तींचे डोळे काढत होते आणि व्यापाऱ्यांना पांढरेस्वच्छ फोटो पाठवत होते. दोन वाढवून.

या वर्षी अनंतचतुर्दशी झाली, कारखाना रिकामा झाला, आणि मी रोह्याला गेले. सर आता मुलीकडेच असतात. स्टुडिओ दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ आहेत. दार मुलीने उघडलं.

"बरं झालं आलात. बाबा आता खूप शांत झालेत हो," ती म्हणाली. तिला याचा आनंद होता. "आधी किती वाद घालायचे! परवा लाईटचं बिल दुप्पट आलं, मी भांडायला निघाले, तर बाबा म्हणाले, असंल."

सर पडवीत खुर्चीवर होते. बाहेर काळे ढग उतरले होते, भर दुपारी पडवीतला दिवा लावायला लागला होता. त्यांनी मला ओळखलं, बस म्हणाले. 'किती?' विचारलं नाही. मी चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. रोल, डायल, चारशे, वही, माझी सही. डायल परत फिरवली तेही. मला वाटलं होतं ते उठतील, ओरडतील, डोळं उघडं ठेवून झोपतेस काय म्हणतील. मी त्यासाठीच गेले होते.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"डायल शंभरावर होती गो. मी सोता बघितली."

"मीच परत फिरवली होती सर!"

"नाय नाय." ते हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, आणि ती मला सहन होईना. "तू चांगली हाईस. इतक्या लांबून आलीस, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून. पन असं सोताच्या अंगावर घेऊ नये. माझं चुकलं. व्हतं असं वयात."

मी शपथ घेतली. मुलीला बोलावलं, तिच्यासमोर पुन्हा सांगितलं. तिने वडिलांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. तिलाही तसंच वाटत होतं. कॅमेरे, वह्या, काही उरलं नव्हतं. स्टुडिओ देताना भंगारात गेलं. खोटं मी एकदाच आणि तेही एक चकती फिरवून बोलले होते, ते सगळ्यांनी मान्य केलं होतं. खरं कोणीच घेत नव्हतं.

चहा झाला. पाऊस जोर धरून पडायला लागला, पागोळ्या वाहू लागल्या. मला निघायचं होतं, पण एक शेवटचा उपाय मला सुचला. माणूस भडकला की जागा होतो, असं मला वाटलं.

"सर, किती?" मी विचारलं.

त्यांनी बाहेर बघितलं. ओठ हलल्यासारखे वाटले, आकडा आला असावा. मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग."

समोरचं आंब्याचं झाड नीट दिसत नव्हतं. दिव्याचा पिवळा उजेड आमच्या दोघांच्या हातांवर पडला होता. मी सरांकडे बघत मुद्दाम, सावकाश मिठागरावरच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा सांगितला, "सोळावर पाचशे."

सर पुन्हा पावसाकडे वळले.

"असंल," ते म्हणाले.